इंग्रजीतली ‘आयरनी’ ओळखायची कशी, वापरायची कशी

गेल्या पावसाळ्यात माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात एक मुलगी तास सुरू व्हायच्या आधीच येऊन बसली होती. अंधेरीला एका कंपनीत ती परदेशी ग्राहकांच्या ईमेलना उत्तरं देते. तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. एका इंग्रज ग्राहकाला उत्तर पाठवायला तिला नऊ दिवस लागले होते. ते मिळाल्यावर त्याने एकच ओळ लिहिली होती: ‘थँक यू फॉर युअर लाइटनिंग-फास्ट रिप्लाय.’ विजेच्या वेगाने उत्तर दिल्याबद्दल आभार. हिने लगेच लिहून टाकलं, ‘यू आर मोस्ट वेलकम, सर!’ आणि पुढे एक हसरा चेहरा. दुसऱ्या दिवशी टीम लीडरने बोलावून घेतलं.

‘मॅडम, मी काय चुकीचं लिहिलं? त्यांनी थँक यूच म्हटलं होतं ना?’

तिच्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. शब्द सगळे कळले होते, फक्त त्यांच्या आडून तो माणूस काय म्हणतोय ते कळलं नव्हतं. याच मुलीला घरी आईने ‘आज लवकर उठलात हो!’ म्हटलं, तर घड्याळ न बघताही समजतं की नऊ वाजून गेलेत. म्हणजे समज तिच्याकडे पुरेपूर आहे, फक्त ती मराठीत आहे. दिसतं एक आणि असतं त्याच्या उलट, याला इंग्रजीत ‘आयरनी’ म्हणतात. तिथे हीच समज कशी कामाला लावायची, ते या लेखात पायरीपायरीने सांगते.

मराठी माध्यमातून शिकलेल्या, कामापुरतं इंग्रजी येणाऱ्या माणसासाठी हे लिहिते आहे. मुंबईत असे विद्यार्थी इंग्रजी शिकतात ते बहुतेक हिंदीतून. फोनवरचे व्हिडिओ हिंदीत, अ‍ॅपमधले अर्थ हिंदीत. ‘आयरनी’ शोधलं की समोर येतं ‘विडंबना’. आणि खरा घोळ तिथे सुरू होतो, कारण तो शब्द आपल्याकडेही आहे आणि त्याचा अर्थ वेगळा आहे. त्याकडे मी तिसऱ्या पायरीवर सविस्तर येणार आहे.

पहिली पायरी: शब्द तोंडात बसवा

उच्चार आय-र-नी, जोर ‘आय’वर. स्पेलिंगची पहिली चार अक्षरं लोखंडाच्या ‘आयर्न’ची आहेत, म्हणून बरेच जण ‘लोखंडासारखं कठोर बोलणं’ असा अर्थ लावतात. दोन्हींचं नातं काही नाही. हा शब्द ग्रीक आहे, ‘आयरोनेइया’, आणि त्याचा मूळ अर्थ माहीत असून माहीत नसल्याचा आव आणणं. जुन्या ग्रीक सुखात्मिकांमध्ये ‘आयरॉन’ नावाचं एक ठरावीक पात्र असे, वरून साधंभोळं आणि आतून पक्कं. त्याच्यासमोर ‘अलाझॉन’, म्हणजे बढाईखोर. भोळा दिसणारा हळूहळू बढाईखोराला उघडा पाडायचा. सॉक्रेटिसही वादात हेच करायचा: ‘मला यातलं काही कळत नाही, तुम्हीच समजावून सांगा’ म्हणत प्रश्न विचारत राहायचा, आणि शेवटी समोरचा स्वतःच्याच बोलण्यात अडकायचा. त्याला आजही ‘सॉक्रेटिक आयरनी’ म्हणतात. आपल्याकडे याला वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात, आणि माझ्या वर्गात हा वाक्प्रचार सांगितला की पाच मिनिटांचं व्याख्यान वाचतं.

विशेषण ‘आयरॉनिक’. इथे जोर सरकून ‘रॉ’वर येतो, एवढं लक्षात ठेवा. ‘आयरॉनिकल’ही चालतं, पण कमी ऐकू येतं. क्रियाविशेषण ‘आयरॉनिकली’. रोजच्या वापरातले साचे तीनच: ‘द आयरनी इज दॅट…’, ‘इट इज आयरॉनिक दॅट…’, आणि वाक्याच्या सुरुवातीला ‘आयरॉनिकली’. हिंदीत या तिघांच्या जागी एकच साचा बसतो, ‘विडंबना यह है कि…’.

दुसरी पायरी: तीन प्रकार वेगळे करा

दिसतं एक आणि असतं त्याच्या उलट, हा तिन्ही प्रकारांतला समान धागा. फरक असतो तो उलटेपणा कुठे बसलाय यात.

तो बोलण्यात असला तर ‘व्हर्बल आयरनी’. वरचं ‘लाइटनिंग-फास्ट रिप्लाय’ हे त्याचं उदाहरण.

तो परिस्थितीत असला तर ‘सिच्युएशनल आयरनी’. इथे कोणी काही बोलायची गरजच नसते, घडलेलंच बोलतं. मुंबईला पाणी येतं सात तलावांतून: तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, भातसा, अप्पर वैतरणा आणि मध्य वैतरणा. यातली तानसा आणि भातसा ही धरणं ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातल्या कितीतरी गावपाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. मराठी वर्तमानपत्रं यावर एक मथळा वर्षानुवर्षं देत आली आहेत: ‘धरण उशाला, कोरड घशाला’. सिच्युएशनल आयरनीची याहून नेमकी व्याख्या मला कुठल्याही इंग्रजी पुस्तकात सापडलेली नाही. पाणी सगळ्यात जवळ ज्यांच्या, पाण्याविना तेच.

गिरणगावातल्या मुलांना मी दुसरं उदाहरण देते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले होते. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि लोअर परळला जिथे कापड विणलं जायचं तिथे आज कपड्यांची महागडी दुकानं आहेत. आजोबांनी ज्या जागेवर साचे चालवले, त्याच जागेवरच्या दुकानात नातू रखवालीला उभा असतो आणि काचेतल्या शर्टाची किंमत त्याच्या पगाराला झेपत नाही. यात कोणी टोमणा मारलेला नाही, कोणी हसलेलंही नाही. तरी ही आयरनीच आहे, आणि ती दुखते. आयरनी म्हणजे विनोद असं कोणी शिकवलं असेल, तर ते आधी डोक्यातून काढा.

तिसरा प्रकार ‘ड्रमॅटिक आयरनी’. यात बघणाऱ्याला ठाऊक असतं आणि पात्राला ठाऊक नसतं. कर्ण हा कुंतीचा मुलगा हे महाभारत ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. अर्जुनाला माहीत नसतं, आणि तो भावावरच बाण सोडतो. दादरला शिवाजी मंदिरात एखादं प्रहसन बघताना नवरा पडद्यामागे लपलेला आपल्याला दिसत असतो आणि बायको त्याच पडद्याशी उभी राहून शेजारणीला त्याच्याबद्दल सांगत असते. तेव्हा आपण हसतो तेही याचमुळे. हिंदीत याला ‘नाटकीय विडंबना’ म्हणतात. परीक्षा द्यायची नसेल तर रोजच्या कामात हा प्रकार फारसा लागत नाही, म्हणून इथेच थांबते.

तिसरी पायरी: हिंदी शब्द घेताना मराठी कान बंद ठेवा

ही पायरी घाईने चढू नका. हिंदी आणि मराठीची लिपी एक, बरेच शब्द दिसायला एक, आणि म्हणूनच फसगत जास्त.

विडंबना. हिंदीत याचा अर्थ परिस्थितीतला कडवट उलटेपणा. ‘विडंबना यह है कि अन्न उगाने वाला किसान ही भूखा सोता है.’ मराठीत त्याच मुळातून आलेले दोन शब्द आहेत आणि दोन्ही वेगळ्या वाटेने गेले आहेत. ‘विडंबन’ म्हणजे एखाद्या कवितेची, शैलीची हास्यकारक नक्कल. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावाने लिहिलेल्या ‘झेंडूची फुले’मध्ये आहे ते विडंबन. आणि ‘विटंबना’ म्हणजे अपमान, अप्रतिष्ठा, जसं पुतळ्याची विटंबना. संस्कृतात मूळ अर्थ नक्कल आणि थट्टा असा आहे. मराठीने एकीकडे नक्कल ठेवली, दुसरीकडे अपमान ठेवला. हिंदीने नियतीने माणसाची केलेली थट्टा पकडली. त्यामुळे ‘आयरनी म्हणजे विडंबना’ असं अ‍ॅपमध्ये वाचून मराठी मुलगा वहीत ‘आयरनी म्हणजे विडंबन’ लिहितो आणि पुढे विडंबनाला, ज्याला इंग्रजीत ‘पॅरडी’ म्हणतात, आयरनी म्हणत बसतो. ही चूक मी इतक्या वह्यांमध्ये पाहिली आहे की आता पहिल्याच तासाला फळ्यावर चारही शब्द लिहून ठेवते: विडंबन, विटंबना, हिंदीतली विडंबना, आणि पॅरडी.

व्यंग्य. हिंदीत हा मोठा शब्द आहे. बोलण्यातला उपरोध म्हणजे व्यंग्य, आणि समाजावर तिरकस प्रहार करणारा एक अख्खा साहित्यप्रकारही व्यंग्य. हरिशंकर परसाई, शरद जोशी हे हिंदीतले नावाजलेले व्यंग्यकार. हे शरद जोशी वेगळे, आपल्या शेतकरी संघटनेचे नव्हेत. वर्गात हा गोंधळ हमखास होतो. मराठीत ‘व्यंग’ म्हटलं की आधी आठवतं शरीरातलं न्यून, मग व्यंगचित्र. तेव्हा हिंदीत ‘उसने व्यंग्य किया’ ऐकलं तर ‘त्याने टोमणा मारला’ असं समजा. शाळेतल्या मराठी व्याकरणाच्या पुस्तकात मात्र हा शब्द जपून ठेवलेला आहे. अभिधा, लक्षणा, व्यंजना या तीन शब्दशक्ती आठवतात? व्यंजनेतून निघतो तो व्यंग्यार्थ, म्हणजे शब्दांच्या पलीकडचा सूचित अर्थ. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’मध्ये याच सूचित अर्थाला काव्याचा आत्मा म्हटलं. शाळेत मार्कांपुरतं पाठ केलेलं हे प्रकरण इंग्रजी आयरनी समजून घेताना फार उपयोगी पडतं. ज्यांच्याकडे जुनं पुस्तक असेल त्यांनी ती पानं जरूर पुन्हा वाचावीत.

कटाक्ष. मराठीत नेत्रकटाक्ष, किंवा ‘कटाक्षाने पाळणे’ म्हणजे काटेकोरपणे पाळणे. हिंदी बातमीत ‘विपक्ष ने सरकार पर कटाक्ष किया’ आलं तर कोणी कोणाकडे तिरक्या डोळ्याने पाहिलेलं नाही. मराठी बातमीदार तिथे ‘टोला लगावला’ किंवा ‘चिमटा काढला’ लिहील.

‘ताना’ सोपा आहे, तो आपला टोमणा. ‘उपहास’ दोन्हीकडे सारखाच. आणि आपला ‘उपरोध’ हिंदी माणसाला या अर्थाने सहसा कळत नाही, त्याच्याशी बोलताना ‘व्यंग्य’च म्हणा.

मग मराठीत आयरनीला काय म्हणायचं? एकच शब्द शोधू नका, प्रकार बघून निवडा. बोलण्यातली असेल तर उपरोध, वक्रोक्ती. गोड, सभ्य शब्दांत गुंडाळून मारलेली असेल तर शालजोडीतला. परिस्थितीतली आणि दुःखाची असेल तर दैवदुर्विलास. ‘दैवदुर्विलास असा की…’ हा मराठी साचा ‘द ट्रॅजिक आयरनी इज दॅट…’वर अगदी चपखल बसतो. परिस्थिती हलकीफुलकी असेल तर नुसतं ‘गंमत म्हणजे…’ पुरतं. आणि म्हणी तर आहेतच. ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही आयरनीच. ‘दिव्याखाली अंधार’, हिंदीत ‘चिराग तले अँधेरा’. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’, हिंदीत ‘आँख का अंधा, नाम नयनसुख’. ‘करायला गेलो गणपती, झाला मारुती’. या म्हणी ज्याच्या तोंडात आहेत त्याला आयरनी नव्याने शिकवावी लागत नाही.

चौथी पायरी: ऐकताना ओळखा

माझ्या लहानपणी चाळीत शेजारच्या काकू त्यांच्या मुलाला सुट्टीच्या दिवशी उठवायच्या. एरवी ‘अरे ऊठ, ए गाढवा’ म्हणणाऱ्या काकू दहा वाजले की एकदम बदलायच्या. ‘उठलात का राजे? पाणी तापवून ठेवलंय हो. चहा इथेच आणू का आपल्यासाठी?’ आवाज मऊ, शब्द आदराचे. आणि तो मुलगा ‘गाढवा’ला हलायचा नाही, पण ‘राजे’ ऐकलं की ताडकन उठून मोरीकडे पळायचा.

या एका प्रसंगात मराठी उपरोधाची किल्ली आहे. आपण राग लपवायला आदर वाढवतो. ‘तू’चं ‘तुम्ही’ होतं, ‘तुम्ही’चं ‘आपण’ होतं. हिंदीतही तसंच, ‘आइए हुज़ूर, पधारिए’, ‘आ गए लाट साहब’. इंग्रजीत मात्र ‘यू’ एकच. तिथे आदर सर्वनामात वाढवता येत नाही, म्हणून तो संबोधनात वाढवतात. घरातल्या मुलाला ‘युअर मॅजेस्टी’, ‘युअर हायनेस’. मित्राला अचानक ‘सर’. सकाळी उशिरा आलेल्याला ‘गुड आफ्टरनून!’ तेव्हा जिथे गरजेपेक्षा जास्त मान ऐकू येईल, तिथे कान टवकारा.

दुसरी खूण कौतुकाचे मोठे शब्द. ‘ग्रेट’, ‘ब्रिलियंट’, ‘लव्हली’, ‘फँटॅस्टिक’, ‘जस्ट व्हॉट आय नीडेड’. हे शब्द समोर घडलेल्या वाईट गोष्टीला चिकटून आले तर ते उलटे घ्यायचे. भर पावसात कुर्ल्याला गाडी थांबली, घोषणा झाली की गाड्या उशिराने धावत आहेत, आणि शेजारचा म्हणाला, ‘ओ, लव्हली.’ आपणही अशा वेळी ‘वा! छान!’ म्हणतोच. हिंदीत ‘वाह भाई वाह’, ‘क्या कहने’.

तिसरी खूण बारीक आहे पण फार कामाची. मराठीतला ‘म्हणे’ आठवा. ‘पाच मिनिटांत येणार म्हणे.’ त्या एका ‘म्हणे’ने सगळा अविश्वास दाखवला जातो. इंग्रजीत तेच काम ‘अपॅरेंटली’ आणि ‘सपोजेडली’ करतात. ‘ही इज अपॅरेंटली अ‍ॅन एक्सपर्ट.’ तो तज्ज्ञ आहे म्हणे. आणि ‘मोठा आलाय शहाणा’मधल्या ‘मोठा’चं काम करतो ‘सो-कॉल्ड’.

ब्रिटिश लोकांबरोबर काम असेल तर आणखी एक गोष्ट लागते. ते वाढवून बोलतात त्याहून जास्त वेळा कमी करून बोलतात. धोधो पाऊस कोसळत असताना ‘अ बिट वेट टुडे’. तुमच्या बेताबद्दल ‘दॅट इज अ ब्रेव्ह डिसिजन’ म्हटलं तर ते शौर्याचं कौतुक असेलच असं नाही, धोक्याची सूचना असू शकते.

या सगळ्या खुणांच्या वर एक कसोटी आहे. शब्द आणि वस्तुस्थिती शेजारी ठेवून बघा. नऊ दिवस आणि ‘लाइटनिंग-फास्ट’. नऊ वाजून गेलेत आणि ‘लवकर उठलात’. दोन्ही एकमेकांशी जुळत नसतील, आणि बोलणाऱ्याला ते न जुळणं माहीत असेल, तर आयरनी आहे.

पाचवी पायरी: ओळखल्यावर काय बोलायचं

यावर मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण नुकसान इथे होतं. नियम एकच देते: उत्तर शब्दांना देऊ नका, वस्तुस्थितीला द्या.

त्या मुलीने ‘थँक यू’ला उत्तर दिलं. उत्तर नऊ दिवसांना द्यायला हवं होतं. आम्ही त्या संध्याकाळी बसून दोन ओळी तयार केल्या: ‘आय अ‍ॅम सॉरी इट टुक नाइन डेज. आय विल रिप्लाय विदिन वन वर्किंग डे फ्रॉम नाऊ ऑन.’ उलट टोमणा नाही, लांबलचक कारणं नाहीत. या उत्तराचा मोठा फायदा असा की तुमचा अंदाज चुकला आणि समोरच्याने खरंच मनापासून आभार मानलेले असले, तरी काही बिघडत नाही. शंका असेल तेव्हा हाच मार्ग धरा.

समोरासमोर असाल आणि कळलंच नसेल, तर ‘डू यू मीन दॅट?’ विचारण्यात कमीपणा नाही. मराठीत आपण ‘खरंच म्हणताय की चेष्टा करताय?’ विचारतोच ना.

सहावी पायरी: ‘आयरॉनिकली’ जपून वापरा

नव्याने शिकलेला शब्द माणूस सगळीकडे वापरतो, आणि हा शब्द तर इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही सर्रास चुकीच्या जागी वापरतात.

योगायोग म्हणजे आयरनी नाही. ‘आयरॉनिकली, वी आर बोथ फ्रॉम चिपळूण’ हे चूक. दोघं चिपळूणचे निघालात हा योगायोग, हिंदीत संयोग, इंग्रजीत ‘कोइन्सिडेंटली’. दुर्दैव म्हणजेही आयरनी नाही. छत्री विसरले आणि पाऊस आला, हे फक्त वाईट नशीब. पण पावसाच्या भीतीने छत्री आणायला अर्ध्या वाटेवरून घरी परत फिरले आणि त्या परतीच्या वाटेवरच चिंब भिजले, परत फिरले नसते तर कोरडी ऑफिसात पोहोचले असते, ही आयरनी. जे टाळायला गेलो, ते टाळायच्या धडपडीतूनच अंगावर आलं.

लग्नाचं उदाहरण वर्गात आवडतं. लग्नाच्या दिवशी पाऊस पडला, ही आयरनी नाही. पाऊस नको म्हणून जूनची तारीख नोव्हेंबरवर नेली, जूनची ती तारीख कोरडी गेली आणि नोव्हेंबरात मांडवावर अवकाळी पाऊस कोसळला, तर ती आयरनी. स्वतःला दोन प्रश्न विचारायचे. अपेक्षा काय होती? आणि घडलं ते त्या अपेक्षेच्या नेमकं उलट, तिच्याशीच जोडलेलं आहे का? दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर ‘अनफॉर्च्युनेटली’ म्हणा आणि पुढे चला.

‘सरकॅझम’शीही गल्लत होते. त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ मांस ओरबाडणं, आणि स्वभावही तसाच. समोरच्याला लागावं म्हणूनच केलेलं कुजकट बोलणं म्हणजे सरकॅझम. तो बहुधा उलटं बोलूनच साधतात, म्हणून व्हर्बल आयरनीसारखा दिसतो. पण शहापूरच्या टँकरमध्ये सरकॅझम नाही, कारण तिथे कोणी कोणाला बोचकारायला बसलेलं नाही.

सातवी पायरी: स्वतः वापरताना

आधी बोला, मग लिहा. बोलताना आवाज, भुवया, थांबणं असतं. लिहिलेल्या ओळीला यातलं काही नसतं. ही अडचण जुनी आहे: १८९९ मध्ये अल्कांतेर द ब्राम या फ्रेंच कवीने उपरोधासाठी उलट्या प्रश्नचिन्हासारखं एक वेगळं चिन्हच सुचवलं होतं. ते रूढ झालं नाही. आज डोळा मिचकावणारा चेहरा लावतात, पण ऑफिसच्या ईमेलमध्ये त्याचाही भरवसा नाही.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी स्पष्ट सांगते: ग्राहकाला, वरिष्ठांना आणि ज्याचं इंग्रजी तुमच्याहून कच्चं आहे त्याला आयरनी लिहू नका. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. ज्याला कळणार नाही त्याच्याशी उपरोधाने बोलणं म्हणजे त्याला इतरांसमोर एकटं पाडणं आहे. आपल्यातले बरेच जण कधीतरी त्या जागी उभे राहिलेले आहेत.

सुरुवात परिस्थितीपासून करा, माणसांपासून नको. गाडी, पाऊस, बंद पडलेली लिफ्ट यांच्याबद्दल ‘परफेक्ट टायमिंग’ म्हटलं तर कोणी दुखावत नाही आणि जिभेला सवय होते. सिच्युएशनल आयरनी मात्र लिहिण्यातही बेलाशक वापरा. निबंधात, मुलाखतीत, अहवालात ‘द आयरनी इज दॅट…’ने सुरू झालेलं एक नेमकं वाक्य तुम्ही विचार केलाय हे दाखवतं.

सराव

ही चार वाक्यं स्वतः तपासा. एक: पोलीस चौकीच्या आवारातून सायकल चोरीला गेली. दोन: आज दोन मित्र अचानक एकाच डब्यात भेटले. तीन: स्वयंपाकघरात सगळं करपवून ठेवलेल्या भावाला बहीण म्हणाली, ‘यू शुड ओपन अ रेस्टॉरंट.’ चार: परीक्षेच्या दिवशी ताप आला. पहिलं सिच्युएशनल, कारण चोरी सगळ्यात कमी जिथे व्हायला हवी तिथे झाली. दुसरं योगायोग. तिसरं व्हर्बल, आणि बहीण-भावातलं असल्याने निरुपद्रवी. चौथं नुसतं दुर्दैव. पण आजारी पडू नये म्हणून घेतलेल्या लसीनेच नेमका त्या दिवशी ताप आणला असेल, तर उत्तर बदलतं.

पाचवं काम मी प्रत्येक तुकडीला घरी देते: ‘धरण उशाला, कोरड घशाला’ इंग्रजीत लिहून आणा. बहुतेक जण सुरुवात ‘आयरॉनिकली’ने करतात, पुढे दोन-तीन जोडवाक्यं लावतात आणि मधेच अडकतात. मागच्या तुकडीत आसनगावहून लोकलने येणारा एक मुलगा होता. त्याच्या मामाचं गाव तानसाच्या बाजूला. त्याने वहीत ‘आयरनी’ हा शब्द कुठेच वापरला नव्हता. एवढंच लिहिलं होतं: ‘माय अंकल कॅन सी द लेक फ्रॉम हिज डोअर. ही इज वेटिंग फॉर द टँकर.’